दोनशे छप्पन्न

फॉर्ममधला सातवा रकाना असा होता:
पत्ते कशासाठी हवेत, ते सकारण लिहा.
बुरुलाय एजेनं चहा ओतला, मीठ टाकलं,
आणि रकान्याकडे बघत बसली,
खोगीर आवळण्याआधी चढाकडे बघतात तशी.

एजे म्हणजे ताई. सख्खी नव्हे.
नारिनच्या वरच्या अंगाला, तीन खिंडी ओलांडून,
चारशे अकरा घरांना ती इंटरनेट पुरवते
आणि मी तिचे मनोरे चढतो.
हिवाळ्यात अँटेनावरचा बर्फ लाकडी चमच्यानं खरवडतो,
लोखंडानं चरे पडतात.

चारशे अकरा घरं, आणि जगासमोर
आमचे पत्ते सगळे मिळून आठ,
तेही बिश्केकच्या बड्या कंपनीकडून भाड्यानं.
म्हणजे पन्नासेक घरांचा एक उंबरठा.
आत कोण नांदतं, बाहेरच्याला कळत नाही.
एक शिंकला की सर्दी सगळ्यांना.

गेल्या मार्चात एर्मेकच्या धाकट्यानं
कुठल्याशा खेळात कसलीशी लबाडी केली,
आणि आम्हा पन्नास घरांचा पत्ता कट झाला.
तिसऱ्या दिवशी सुईण सायकालचा
औषधांचा अर्ज परत आला: संशयास्पद वर्दळ.
ती बर्फातून चालत आली, मोबाइल छातीशी धरून.
मी काय केलं?
तू नाही गं, तुझा पत्ता.
माझा पत्ता, ती म्हणाली, नदीच्या वळणावर,
निळं दार, आजोबांच्या वेळेपासून.

त्यावर काय बोलणार.

आणि हे रकान्यात कसं बसवणार?
एजेनं लिहिलं: ग्राहक ४११. वाढ अपेक्षित.

ॲमस्टरडॅमहून उत्तर आलं, सभ्य, वेळेवर.
जुने पत्ते संपले आहेत.
कुणी परत केले, कुणाचे काढून घेतले,
तर रांगेतल्या पहिल्याला, एकदाच, दोनशे छप्पन्न.
आपला क्रमांक सहाशे बारा.

एके काळी मागेल त्याला लाखांनी मिळायचे.
तेव्हा एजे नववीत होती. शाळेत एक कॉम्प्युटर होता,
भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला.
रांग सरळच आहे रे, ती म्हणाली,
आपणच जन्मलो उशिरा.

अल्माटीचा एक दलाल दर शुक्रवारी फोन करायचा.
पत्त्यामागे एक कोकरू पडलं असतं.
एजे फोन स्पीकरवर ठेवून लोकर विंचरायची.
असले छप्पन्न पाहिले.

नवे पत्ते आहेत की, लांबलचक, म्हणाल तर
कुरणातल्या दर पात्याला एक पुरेल.
घेतले ना. पहिल्याच वर्षी लावले.
पण जिल्ह्याची बँक त्या वाटेनं आलेल्याला
अजून ओळख देत नाही.

मग एका सभेत ठराव आला: तुकडे लहान करा,
सगळ्यांच्या वाट्याला काहीतरी येईल.
रात्री अकराला, दोन स्वेटर घालून, एजे बोलली:
याहून लहान तुकडा वाटेतले राउटर वाहून नेत नाहीत.
भाकरीचे चतकोर करा, मोहरीएवढे नका करू.
ठराव पुढच्या सभेवर गेला.
आम्ही पाचशे अडतीसवर होतो. पुढच्या महिन्यातही पाचशे अडतीस.

तिसऱ्या हिवाळ्यात ईमेल आला. मी मनोऱ्यावर होतो.
खालून ती काहीतरी ओरडली, वाऱ्यानं नेलं,
मला वाटलं शिडी सुटली.

दोनशे छप्पन्न. पहिला आणि शेवटचा वापरायचा नसतो.
एक सायकालला दिला.
तिनं चार आकडे टिंबांसकट पाटीवर उतरवले.
हा माझा एकटीचा?
हो. आता सर्दी झाली तर तुझी तुलाच.

उरले दोनशे त्रेपन्न. घरं चारशे दहा.
संध्याकाळी एजेनं कोरी वही काढली,
पट्टीनं रेघा मारल्या: नाव. घर.
तिसऱ्या रकान्यावर लिहिलं, कशासाठी हवा?
खोडलं.
चहा ओतला. पुन्हा लिहिलं.