शेऱ्याचा रकाना

तलावाच्या नोंदवहीत तीन रकाने:
तारीख, पाणी, शेरा.
किल्ली देताना दशरू उके म्हणाला,
पाणी काय, चढतं-उतरतं. शेरा वाच.

माघ. परदेशी बदकं एकशे नऊ. एक लंगडं.
चैत. मोहाखाली अस्वलीण, पिल्लू पाठीवर.
बाया टोपल्या घेऊन उभ्या,
तिचं पोट भरेस्तोवर.
नवतपा. पाणी चार बोटं.
तुडुमाच्या दगडात घोरपड, बाहेर मी.
कोणीच बोललं नाही.
रोवणी. धुऱ्याजवळ सारसाचं घरटं, दोन अंडी.
झिटूनं बांधीचा तेवढा तुकडा
पऱ्ह्यावाचून सोडला.

मग एका पानावर
पाणी सात फूट दोन इंच, शेरा निरंक.
दुसऱ्या दिवशी निरंक.
असे एकोणीस.

विचारलं, तर बिडी विझवत म्हणाला:
मादी तारेले लागली. नर उभा होता.
उभाच. का लिहू?

आज कार्तिक. धान वाकला, सांडव्यावरचं पाणी थांबलं.
पलीकडच्या पाळीवर तो
मान वर करून हाक देतो
आणि गप्प राहतो,
तिची जितका वेळ चालायची तितका.

मी तारीख लिहिली. पाणी, पाच फूट.
शेरा: सारस एक. हाक अर्धी.