चालू आहे का

मिदेल्तच्या टॅक्सीतळावर पहाटे उणे चार.
जुनीला आधी विनवावं लागायचं.
किल्ली अर्धी फिरवायची, पिवळा वेटोळा दिवा लागायचा,
तो विझेपर्यंत हात काखेत घालून बसायचं.
मग ती घसा खाकरायची,
काळा धूर समोरच्या खाटकाच्या दारावर सोडायची,
आणि एकदा धडधडायला लागली की
डॅशबोर्डवरचे चहाचे ग्लास एकमेकांना लागून
किणकिणत राहायचे थेट एर्राशिदियापर्यंत.
पुढे दोघं, मागे चौघं, मी सातवा,
डिकीत सफरचंदांच्या पेट्या, नाहीतर पाय बांधलेला मेंढा.
एकोणीस वर्षं.

लोक म्हणतात, ती मर्सिडीज कधी बंद पडली नाही.
खोटं.
ताल्घेम्तच्या खिंडीत पडली, झीझच्या बोगद्याशी पडली,
बासूच्या बहिणीचं वऱ्हाड घेऊन जाताना तर दोनदा पडली.
पण पडायच्या आधी आठ दिवस सांगायची:
आधी कुरकुर, मग टकटक, मग जळक्या रबराचा वास.
आणि पडली तरी बासू होता,
एक कान बॉनेटला, एक डोळा मिटलेला,
"तिसरा इंजेक्टर," म्हणायचा,
जसं नाडी धरून कुणी म्हणावं, रात्री जेवला नाहीस तू.
टाकीची चीर साबण चोळून बुजवली,
सायलेन्सर तारेनं बांधला,
पाण्याच्या नळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
त्याला आम्ही बिघाड म्हटलंच नाही,
म्हणून तो हिशेबात आला नाही.

सरकारनं भंगाराचे पैसे देऊ केले तेव्हा मी सही केली.
त्यांनी दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालो.
फक्त तेल मोजायची पट्टी काढून घेतली.
तूदा, माझी बायको, तिनं शेगडीतले निखारे सारते.

नवी पांढरी आहे.
बर्फ असो, काही असो, किल्ली फिरवली की लागते.
कितीतरी कमी डिझेलमध्ये जाते नि येते.
मी पाण्यानं भरलेला ग्लास ठेवून पाहिला,
वर साधी सुरकुती नाही.
तीन लाख किलोमीटर झाले, एकदाही
तिनं मला स्वतःखाली झोपायला लावलं नाही.

एकदाच, खिंडीच्या ऐन वळणावर, एक दिवा लागला.
पिवळाच, पूर्वीसारखा,
पण हा विझेना.
आवाज नाही, धूर नाही, वास नाही,
नुसता जोर गेला.
बासू आला, बॉनेट उघडलं.
वर काळं प्लास्टिकचं झाकण. त्याला कान लावून
बराच वेळ उभा राहिला.
"ही दुखणं अंगावर काढते," म्हणाला, आणि हात पुसले,
हात स्वच्छच होते तरी.
मग स्वतःच्याच मुलीला, इत्तोला, फोन लावला.
तिनं स्टिअरिंगखाली वायर खुपसली, लॅपटॉपवर वाचलं:
सेन्सर, साडेतीनशे दिरहम.
अर्ध्या तासात सुटलो.

याच खिंडीत जुनीनं रात्र काढायला लावली होती,
मागच्या सीटवर कळा सुरू झालेली बाई असताना.
मूल तिथंच झालं, माझ्या कोटात.
हे मी प्रवाशांना सांगतो.
बाई तेव्हा मला काय काय बोलली, ते सांगत नाही.

रात्री उशीवर डोकं टेकलं की
डाव्या कानात ती सुरू होते,
सगळी धडधड, किल्ली नसलेली.
डॉक्टर म्हणाला, औषध नाही यावर,
मोठ्या आवाजापासून लांब राहा.
आता कुठला मोठा आवाज.

आज पहाटे सहा जण बसले, दारं लागली.
मी किल्ली फिरवली आणि हात काखेत घालून बसलो.
ते माझी वाट पाहत होते,
मी तिची.
शेवटी मागचा शाळकरी पोरगा म्हणाला,
"हद्दूकाका, चालूच आहे की ती."

उतरलो. बॉनेटवर तळवा ठेवला.
कोमट होतं.
थरथर होती बहुतेक,
किंवा थंडी.