अवधाण

चिलोएच्या मागच्या बेटांना आमची बोट
महिन्यातून एकदा लागते.
शाळेच्या एका वर्गात दवाखाना मांडतो आम्ही,
फळ्याखाली वजनकाटा, शेगडीभोवती ओले लोकरी मोजे.

आज पहिली आली रायेन. वय सात.
दोमितिला, तिची आई, कोट न काढताच म्हणाली,
"काखेत गाठ आहे. तीन आठवडे. झोप नाही."
कुणाला, ते विचारावं लागलं नाही.

मी हात शेगडीवर धरले.
थंड बोटांना मूल आकसतं,
आकसलेल्या मानेत काही सापडत नाही.

आधी गळ्याच्या हाडामागचा खळगा.
नेहमी आधी तिथेच.
काही नाही.
मग जबड्याखाली: दोन, वाटाण्याएवढ्या, पळपुट्या,
हिवाळ्यात बेटावरच्या प्रत्येक पोराला असतात तशा.
घसा, दात, केसांतल्या लिखा,
जांघ, पोट; प्लीहा हाताला लागत नाही.
वजन पाव किलो जास्तच.
रात्री घाम? नाही. ताप? दोन दिवस, ओसरला.
घरात खोकणारं कुणी?
आजोबा.
त्यांची थुंकी डबीत मागितली.

आता काख.
नव्या बटाट्याएवढी, ऊन, दुखरी,
पण बोटाखाली सरकते.
जी दुखते आणि सरकते
तिच्याशी मला बोलता येतं.

आन्सेल्मोची सरकत नव्हती.
दुखतही नव्हती, म्हणून तर
मफलरखाली ती अख्खा हिवाळा राहिली,
आणि मी, अकरा वर्षांची,
तिला भावाची गोटी म्हणायचे.

"बाही वर कर."
रायेन करत नाही.
मी केली. मनगटाशी सुकलेला लाल ठिपका,
शेजारी बारीक रेघा.
"काटा लागला," ती म्हणाली.
"काट्याला चार नखं?"

शेगडीत लाकूड तडकलं.
मग, आईकडे न बघता,
"तुम्ही तिला समुद्रात टाकाल."

पालथ्या होडीखाली, माशांच्या मुंडक्यांवर वाढवलेलं
एक करडं पिल्लू.
जखम मनगटात, अवधाण काखेत.
दोमितिला बाकावर बसली,
कोटाची बटणं सोडू लागली,
तिसऱ्या बटणाशी रडली.

मी एवढंच सांगितलं:
बहुतेक वेळा ही आपली आपण विरते,
पण बहुतेक म्हणजे सगळ्या वेळा नव्हे.
रक्ताची एक नळी. निळ्या पेनने गाठीभोवती कुंपण.
वाढली, दगडासारखी झाली, ताप परतला,
तर बोटीची वाट पाहू नका, रेडिओ करा.
पिल्लाला कुणी कुठे टाकायचं नाही.
नुसते हात धुवायचे.

दुपारी दोर सोडले.
धक्क्यावर रायेन उभी,
एक बाही फुगलेली, आतून हलणारी.
मी हात केला,
आणि पाहते तर दुसरा हात
माझ्याच गळ्याच्या हाडामागे,
रिकामा खळगा चाचपत.