डाव्याला विश्रांती

नारायण पेठेत, सायकलच्या दुकानावर,
दीड खोलीत माझा प्रेस.
भिंतीला रद्दीत मिळालेल्या पुस्तकाची चार पानं:
पॅरिसच्या नाचणाऱ्या,
दगडावरून, तांब्यावरून कागदावर उतरलेल्या.
एकही नाचत नाही.
एक घोटा चोळतेय,
एक जांभई देतेय मानेमागे हात नेऊन,
एकीची नाडी सुटलीय, आणि कुणी टोपीवाला
दाराच्या फटीत काळा डाग होऊन उभा.

मथुराबाई टेंभुर्णीकर जवळ जाऊन बघत म्हणाल्या,
"ह्या आमच्यातल्याच.
बारी लागायच्या आधीच्या."
मग स्टुलावर बसल्या, पातळ पोटरीपर्यंत घेतलं,
चाळ बांधायला वाकल्या.
चाळ नव्हतेच. कधीच विकले, किलोच्या भावानं.
बोटांना गाठ पाठ होती.

मी सुई चालवली. मेणाखाली जस्त कुरकुरलं.
डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज होतं,
तेही काढलं, आडव्या रेघांनी.
"ते कशाला?"
म्हटलं, तिथंच तर उजेड पडलाय.

मग आम्ल. मग खिडकी उघडून खोकणं.
मग शाई, आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं
पुसणं, पुसणं, शेवटी तळहातानं,
रेघेत मुरलेलं तेवढंच उरेपर्यंत.
चाकापाशी त्याच उभ्या राहिल्या.
"हळू," मी म्हणाले, "एका लयीत."
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी गप्प बसले.

ओला कागद उचलला.
बाई उलट्या आल्या होत्या. येतंच सगळं उलटं:
खिडकी डावीकडं गेली,
बँडेज उजव्या गुडघ्यावर.
आधी सांगायला हवं होतं मी.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"बरं झालं," म्हणाल्या,
"चाळीस वर्षं हा डावाच झिजला.
कागदावर तरी बसू दे त्याला."

किती काढणार?
बारा.
आणि मग?
मग पाटीवर आडवी रेघ मारायची,
म्हणजे पुन्हा कुणी निघत नाही. तशी रीत आहे.
"कुणाची?"
मी भिंतीकडे बोट केलं.
त्या जांभई देणारीकडे बघून हसल्या.

पाटी अजून फळीवर आहे, तेल लावून,
रेघ न मारलेली.
पाचव्या ठशाला शाई कमी पडली होती,
तोच त्यांनी मागून नेला.
मी नको नको म्हणेपर्यंत घडी घातली,
पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी सरकवला.
घडी नेमकी गुडघ्यात पडली.