कम्युनिटी

वाचनालयाच्या मागच्या कपाटात, जुन्या पोथ्या
आणि बियाणं कंपन्यांच्या डायऱ्यांच्या मधे
इंग्रजी पुस्तकांचं एक खोकं आहे.
काळमेघ कृषी केंद्रवाल्यांचा मुलगा ओहायोतलं घर सोडताना
जे आणायचं नव्हतं तेही घेऊन आला.
त्यातली पाच-सहा पोलिसांवरची.
"तुमच्याच खात्याची हायेत, न्या," इंगोले ग्रंथपाल म्हणाले,
"इथं कोनी हात लावत नाही."

मी एक नेलं. कार्डावर माझं एकटीचं नाव,
पुढं बक्कल नंबर, सवयीनं.

खात्याच्या परीक्षेला इंग्रजी सुधारेल म्हणून
रात्रपाळीत, वायरलेसच्या खरखरीशेजारी
डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत गेले.
रात्रीला तीन पानं. चौथ्याला कोणीतरी येतंच:
धुऱ्याचं भांडण, हरवलेला गोऱ्हा,
डोकं फुटलेली आणि तरी रपट नको म्हणणारी.

तिकडल्या त्या गावात माणसं नऊ हजार, पोलीस चौदा.
इकडे गावं बासष्ट, आम्ही तेवीस,
त्यातले चार कायम बंदोबस्तावर,
एक ठाणेदार साहेबांच्या घरी गिरणीवर जायला.
तिकडला शिपाई गस्तीतून उतरून
म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ लोटतो,
कुत्र्यांचीसुद्धा नावं त्याला पाठ.

एक शब्द दर पानावर: कम्युनिटी.
डिक्शनरी म्हणाली, समाज.
मी तिथंच थांबले.
ठाण्यात नवीन माणूस बदलून आला
की चहा यायच्या आधी लोक हळूच विचारतात,
"बाई, तुमचा समाज कोनता?"
आणि उत्तर ऐकून
कोणी समोरचा गिलास उचलतं, कोणी नाही.
तो शिपाई ज्यात मिसळायला निघालाय
ते आणि हे एकच की काय?
पुढल्या चार प्रकरणांत कळलं, जवळजवळ.

सातव्या प्रकरणात एक पोरगा पळतो.
त्यानं काही केलेलं नाही.
शिपायाला ते माहीत नाही, पोरगा पळतोय
एवढंच त्याला पुरतं.
लेखक म्हणजे तोच शिपाई, आता निवृत्त,
पान भरून विचारतो, हा पळाला का असेल?
अकरा कारणं देतो.

पुस्तक मी पालथं ठेवलं.

मागल्या पौषात बोरगव्हाणच्या शिवारात
तूर डोक्याच्या वर गेलेली.
पारध्यांच्या बेड्यावरचा एक पोट्टा
तितराचे फासे घेऊन धुऱ्यानं चालला होता.
माझी गाडी पाहिली आणि पळाला.
मीही पळाले, कारण तो पळाला.
परीक्षेत हे उत्तर चालत नाही.
"काहून पयतं रे!" मी ओरडले,
बोली आईची, आवाज खाकीचा.
तुरीच्या शेंगा खुळखुळल्या, मग त्याही गप्प.
धुऱ्यावर एक चप्पल. डावी.
अंगठा तारेनं शिवलेला.

संध्याकाळी ती घेऊन बेड्यावर गेले,
परत द्यायला. खरंच, परत द्यायलाच.
बाया पालांत शिरल्या. चुलीवरचा भात उतू गेला,
कोणी उतरवला नाही.
एक म्हातारी तेवढी उरली, हात जोडून म्हणाली,
पोट्टा गावातच नाही, पंधरा दिवस झाले.
मी नाव विचारलं.
तिनं माझ्या खांद्यावरची पट्टी पाहिली, मग म्हणाली,
"फौजदार."
तो जन्मला त्या रात्री पालाच्या तोंडाशी फौजदार उभा होता,
बापासाठी आलेला.

अकरा कारणांत हे नाही.

पुस्तक तीन आठवडे उशिरा परत केलं.
इंगोल्यांनी दंड घेतला नाही. "कसं हाय?"
"लांबचं हाय," मी म्हटलं.
मग दारातून मागे वळून, "एवढंबी नाही."

चप्पल माझ्या टेबलाच्या खणात आहे.
मुद्देमालात घालायची तर वर गुन्हा लिहावा लागतो.
राहू दे म्हणते,
आणि दर वेळी खण उघडला की वाटतं
पाय आता मोठा झाला असेल त्याचा.