जप्तीचं रजिस्टर

फळ्यावरची सूचना माझ्याच अक्षरातली.
बोरसे मॅडमनी सांगितली, मी लिहिली:
शाळेत मोबाइल आढळल्यास जप्त होईल.
निकालानंतर मिळेल, तोही फक्त पालकांना.
'फक्त'खालच्या दोन रेघा
तेवढ्या माझ्या मनाच्या.

कपाट ऑफिसात, पंख्यामागे.
वर गोळाफेकीचे गोळे,
खाली भाता फाटलेली पेटी,
मधल्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात सदतीस फोन.
प्रत्येकाला पट्टी, पट्टीवर नाव, तुकडी, तारीख.
रजिस्टरात एक रकाना मी वाढवला:
काच फुटली आहे का.
बहुतेकांपुढे 'होय'.

पहिले दोन दिवस डबा गुरगुरतो,
पत्र्यावर थरथरत खणाच्या कडेपर्यंत सरकतो.
मग एकेकाची बॅटरी उतरते
आणि डब्यात नुसतं लोखंड उरतं.

रमिला तेरसिंग बारेला, नववी ब.
हिचा फोन बटणांचा,
मागचं झाकण रबरानं बांधलेलं.
काच? लागूच नाही.
मॅडमनी दप्तरातून काढला तेव्हा
ही रडली नाही, हात जोडले नाहीत,
एवढंच म्हणाली,
'मॅडम, सायलेंट नका करू.'
सगळा वर्ग हसला.
मीही हसलो. दारात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तो वाजला.
तिसऱ्या दिवशी परत.
बाकीचे सगळे मेलेले,
हा एका चार्जात आठवडा काढणारा.
पडद्यावर नाव: मुकादम.
चौथ्या दिवशी मी उचलला,
आधी दार लोटून घेतलं.

'कोन बोली र्‍हायना?
तेरसिंगले सांगा, सकाय पाच वाजता फाटावर.
दहा मानसं. केयीनी गाडी भरनी शे.'
आणि कट.
हो-नाही ऐकायची त्याला सवय नसावी.

तेव्हा डोक्यात आलं.
ह्यांचा पाडा सातपुड्याच्या कुशीत, रेंज नाही.
रेंज इथे, अडावदच्या ह्या रोडवर,
आमच्या शाळेच्या निंबाखाली.
म्हणून फोन रोज सात किलोमीटर चालत शाळेत यायचा
आणि संध्याकाळी दहा माणसांची रोजी घेऊन
परत जायचा.
पोरगी नुसती त्याला घेऊन चालायची.

घटक चाचणीच्या उरलेल्या पेपरामागे
मी लिहिलं: पाच वाजता, फाटा, दहा.
नववी ब मध्ये गेलो.
'ऑफिसची सूचना, रमिला बारेला.'
तिनं वाचलं, घडी घातली,
कंपासपेटीत ठेवली, कर्कटकाखाली,
आणि परत फळ्याकडे बघायला लागली.

आता नियम मोडला का?
मी रात्री बायकोला विचारलं.
फोन डब्यात आहे. पोरीच्या हातात गेला नाही.
तासाला घंटी वाजली नाही.
ती वांगी भाजत होती, म्हणाली,
'ज्यानं लिहिला त्यालाच विचारा.'
लिहिला तर मीच होता.

मार्चमध्ये मॅडम म्हणाल्या,
'भटूभाऊ, कपाटातून आवाज येतो.'
म्हटलं, पाल असेल.
मॅडम पेपर तपासत राहिल्या.
थोड्या वेळानं, वर न बघता:
'साडेअकराचीच येते वाटतं पाल.'

निकालाला पालकांची रांग लागली.
सह्या, अंगठे, दमदाट्या,
एका बापानं तर ऑफिसातच पोराच्या कानाखाली दिली.
छत्तीस फोन गेले.
शेवटी तेरसिंग आला, टोपी हातात,
पँटवर केळीच्या चिकाचे काळे डाग.
मी फोन पुढे केला, रजिस्टर पुढे केलं.
त्यानं फोन घेतला, उलटापालटा केला,
रबर नीट बसवलं
आणि टेबलावर परत ठेवला.
'राहू द्या भाऊ.
इथं लागतो.'

त्या ओळीपुढचा सहीचा रकाना अजून कोरा आहे.
काल बॅटरी एका काडीवर आली
तशी सायकल काढली,
पातळ पिनच्या चार्जरसाठी
चोपड्यात चार दुकानं पालथी घातली.
चौथा दुकानदार धूळ झटकत हसला,
'आता कोण वापरतं हे, काका?'
म्हटलं, शाळा.