चौदा एम.एम.

माळ्यावरून फराळाचे डबे काढताना
कपाटाचा कोपरा लागला अण्णांच्या डोक्याला.
टेंगूळसुद्धा धड आलं नाही.
"एवढ्यानं काय होतंय," म्हणाले,
आणि उरलेला डबा खाली दिला.

मग डिसेंबरभर
एकेक काही सैल होत गेलं.
सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात.
उजव्या पायातली चप्पल वाटेत राहायची
आणि ते पुढे निघून जायचे.
जेवताना चमच्याला पाना म्हणाले.
आम्ही हसलो. तेही हसले, जरा उशिरा.
मी म्हटलं, वय.
धाकटा फोनवर म्हणाला, वय.
कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही वयच ठरवलं
आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

तेव्हा कवटीच्या आत
थेंब थेंब साचत होतं.
आणि रक्त पातळ राहावं म्हणून
रोज रात्री ती अर्धी गोळी
मीच देत होते, पाण्यासकट.

एरंडवण्यातलं हॉस्पिटल, रात्रीचे सव्वाअकरा.
पडद्यावर डाव्या बाजूला
कलिंगडाच्या फोडीसारखं काहीतरी,
आणि मेंदूची मधली रेघ
रेटा बसून उजवीकडे सरकलेली.
"किती दिवसांचं?" मी विचारलं.
"आठवड्यांचं," डॉक्टर बेंद्रे म्हणाल्या.
माझ्या मुलीच्या वयाची बाई.

त्यांनी अण्णांना विचारलं, "शहर कोणतं?"
"खडकी."
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
मी म्हटलं, थांबा, ते बरोबर आहे.
यांच्या लेखी वाकडेवाडी आली की मग पुणं.
त्यांनी लिहिलेलं खोडलं नाही.

"दोन भोकं पाडू. चौदा एम.एम.ची.
साचलेलं धुऊन काढू."
फॅक्टरीत चौतीस वर्षं रेडियल ड्रिलवर
उभा राहिलेला माणूस,
दोन दिवसांत सरळ वाक्य न बोललेला,
मान वळवून म्हणाला,
"कूलंट सोडता का?"
"हो. सलाईन सोडतो, सारखं."
"आणि पार गेलं तर?"
"हाड संपलं की ड्रिल आपोआप थांबतं."
अण्णांनी जरा विचार केला.
"आमच्या वेळी नव्हतं असं."

विम्याच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या:
अपघात, आजार.
खिडकीतला मुलगा म्हणाला, एकीवर खूण करा.
मी पेन धरून उभी राहिले,
मागच्या माणसानं खाकरेपर्यंत.

लहानपणी जेवण झाल्यावर ते सांगायचे:
पार व्हायच्या जरा आधी आवाज बदलतो,
तिथं हात हलका करायचा.
नाही तर बिट अडकतो, कधी कधी बोटही.
ऑपरेशनच्या दाराशी मी कान लावून बसले.
आतून काही येत नव्हतं.
फक्त वॉटर कूलरचा घोगरा पंखा
आणि कुणाच्या तरी सुनेचं हलकं घोरणं.

दोन दिवस सपाट झोपवलं, उशीविना.
दुपारी कधी आडवा न झालेला माणूस.
पलंगाखाली पिशवी,
तिच्यात उतरत होतं ते रक्तासारखं नव्हतंच,
गिअरबॉक्समधून काढतात तसं,
काळपट, जुनं.
ब्रदर संदीपाननी वही दिली, मी आकडे लिहिले:
सातला चाळीस. अकराला पंचवीस.
चारला अठरा, आणि रंग फिका.

तिसऱ्या दिवशी बेंद्रेबाई आल्या.
"शहर कोणतं, आजोबा?"
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं,
मग त्यांच्याकडे.
"पुणं," म्हणाले. आणि मला, हळूच,
"म्हणजे सोडतील."

आता दाढी करताना
त्यांचा हात वर जातो, डाव्या बाजूला,
दोन खळग्यांवर बोटं फिरवतो.
"काम स्वच्छ आहे," म्हणतात,
"कड निघालेली नाही."
चमच्याला चमचा म्हणतात.
चप्पल पायात राहते.

ती अर्धी गोळी अजून डब्यात आहे.
हृदयासाठी ती हवी, डोक्यासाठी नको.
पुढच्या स्कॅननंतर ठरवू, म्हणाल्या बाई.
रात्री साडेनऊला मी डबा उघडते.
अण्णा आतल्या खोलीतून विचारतात,
"झालं का गं?"
डबा बंद करते.
झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून
हात हलका.